हातापायांची सावड

झोपेतून उठणे हा एक स्वतंत्र उद्योग आहे आणि तो नीट करायचा तर त्याला सबंध सकाळ द्यावी लागते, असे मानणारी आणि तसे वागणारी एकच व्यक्ती मी आयुष्यात पाहिली. ती म्हणजे माझ्या आतेसासूबाई. बायकोच्या आत्या, म्हणून मीही त्यांना आत्याबाईच म्हणत असे. कोंबडा आरवला की त्या उठायला सुरुवात करीत. आधी उजव्या हाताची बोटे, मग डाव्या हाताची, मग मनगटे, मग कोपरे, असे एकेक गाव जागे करीत त्या गुडघ्यांपर्यंत पोचत आणि ऊन तुळशीच्या कट्ट्यावर आले म्हणजे कुठे उभ्या राहत. मधल्या वेळात कोणी दारातून "आत्याबाई, उठलात का?" असे विचारले, तर आतून ठणठणीत आवाज येई, "उठतेय. झालं की कळवीन."

लढाईचे दिवस होते. माझी बदली तिसगावच्या शाळेत झाली, बायको-मुले नगरला राहिली, आणि मी आत्याबाईंच्या ओसरीलगतच्या खोलीत बिऱ्हाड थाटले. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षे झाली होती. एकुलता एक मुलगा अण्णा नगरला कारकून होता. मी पडलो घरचा जावई. तेव्हा मला बसायला पाट, वाकायला बंदी आणि कामाला हात लावायची सक्त मनाई. "जावईबापू, तुम्ही नुसतं बसा," असे त्या म्हणत आणि मी नुसता बसे. हे नुसते बसणे मला किती सोयीचे होते ते पुढे सांगतो. सांगायचे धाडस व्हायला मला बरीच वर्षे लागली आहेत.

आत्याबाईंना आमवात होता. वैद्यांनी तसे सांगितले होते. नगरच्या डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव दिले, तेव्हा "एवढं नाव उच्चारेपर्यंत दुसरा सांधा धरतो," असे म्हणून त्यांनी ते डॉक्टरांनाच परत केले आणि दुखण्याचे स्वतःच बारसे केले. दुखण्याचे नाव सासूबाई. कारण विचारले तर सांगत, "पहाटे माझ्या आधी उठतात, दहा वाजेपर्यंत घर डोक्यावर घेतात, दुपारी जरा डुलकी काढतात. तेवढ्यात आपलं काम उरकून घ्यायचं. उलट बोललं की वाढतात, फार ऐकलं तरी वाढतात." हवा ढगाळली, हाताची बोटे सुजून वांग्यासारखी तकतकीत झाली की त्या एवढेच म्हणत, "आज सासूबाईंचं मन नाही." खऱ्या सासूबाई स्वभावाने अत्यंत गरीब होत्या असे माझी बायको सांगते. त्यांच्यावर हा उघड अन्याय होता.

गावात औषध सुचवणाऱ्यांना तोटा नव्हता. कोणी एरंडेल सांगे, कोणी निर्गुडीचा पाला, कोणी सुंठ. आत्याबाई कोणालाच नाही म्हणत नसत. नियम एकच: ज्याने औषध सांगितले त्यानेच ते आणायचे, कुटायचे, कढवायचे आणि समोर बसून आधी स्वतः घ्यायचे. या नियमाने सल्ले निम्म्यावर आले. पेठेतल्या एका शेटजींनी सांधा मधमाशीकडून चाववून घ्यावा असे सुचवले. आत्याबाईंनी त्यांना आदराने बसवून घेतले, पोळे कुठल्या झाडाला आहे, कधी आणता, पहिला सांधा तुमचा कुठला धरायचा, अशी बारकाईने चौकशी केली. त्यानंतर शेटजी आमच्या गल्लीतून जायचे बंद झाले.

घर त्यांनी आपल्या हातांच्या मापाने करून घेतले होते. पळीला वीतभर लाकडी दांडा, तो चिंध्या गुंडाळून मनगटाएवढा जाड केलेला. तांब्याला काथ्याचा फास, म्हणजे तो बोटांनी न धरता कोपरात अडकवता येई. दाराची कडी काढून टाकून तिच्या जागी नुसता दगड. एकाही डब्याचे झाकण घट्ट नव्हते. मी एकदा म्हणालो, "आत्याबाई, या घरात चोराची फार सोय आहे." त्या म्हणाल्या, "येऊ दे. त्याची बोटं चांगली असतील. जाताना लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर बांधलेला दादरा सोडून देईल."

पण हे सगळे हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते, कारण अण्णाने त्यांना एक अट घातली होती. अण्णा वाईट नव्हता. आईचे हात बघून त्याच्या पोटात तुटे, आणि पोटात तुटले की तो रागावे. "आई, माझ्याकडे चल. एका जागी बस. दोन घास खा," असे तो म्हणे. एका जागी बसणे म्हणजे काय हे आत्याबाईंना ठाऊक होते. नगरच्या दोन खोल्यांतला एक कोपरा. आणि एकदा बसलेला सांधा पुन्हा उठत नाही. शेवटी मायलेकांचे ठरले: जोवर आत्याबाई आपली चूल आपल्या हाताने पेटवतात तोवर त्या तिसगावला, ज्या दिवशी अण्णा येईल आणि चूल गार सापडेल, त्या दिवशी बिछाना बांधायचा. अण्णा बाजाराच्या दिवशी सर्व्हिस मोटारीने येई. पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटार तेव्हा कोळशाच्या धुरावर चाले आणि करंजीच्या घाटात तिला धाप लागे, त्यामुळे ती हमखास उशिरा पोचे. तोवर इकडे सासूबाई डुलकी घेत असत आणि चूल धडधडत असे. "त्या मोटारीला माझ्यासारखंच आहे," आत्याबाई म्हणत. "सकाळी तिचेही सांधे धरतात."

पुढे मनगटे अगदीच गेली. काडी ओढवेना, पीठ मळवेना. त्या सुमारास दूध घालणारी गंगूबाई एके दिवशी अंगणात बसून रडली. तिचीही बोटे वाकडी झाली होती, म्हैस पिळता येत नव्हती आणि सून म्हणे, म्हातारी ढोंग करते. आत्याबाईंनी विचारले, "गंगू, तुमच्याकडे एकच बैल असला तर नांगरट कशी करता गं?"

"सावड करतो की. त्याचा एक, आपला एक. आज त्याच्या रानात, उद्या आपल्या."

"मग रडतेस काय? तुझं काय चांगलं आहे ते सांग."

गंगूबाईने डोळे पुसले. "पाय बरं हायेत. डोईवर वझं लई चालतं, पर उचलून द्याया कुनी पायजे."

भिंतीला भिंत लागून तांबोळ्यांचे घर. तिथल्या चाचीबी पानाचे दुकान मांडत. त्यांचे गुडघे गेलेले, पण हात असे की पानाची शीरसुद्धा न दुखवता ओढतील. झाले, सावड जुळली. पहाटे गंगूबाई म्हैस घेऊन आत्याबाईंच्या अंगणात येई आणि चाचीबींना हाताला धरून आणी. चाचीबी स्टुलावर बसून म्हैस पिळत, मग हात धुऊन चूल पेटवत आणि पीठ मळून देत. गंगूबाई दोन्ही घरचे पाणी भरी आणि बाजाराच्या दिवशी चाचीबींची पानाची पाटी डोक्यावरून नेई. आत्याबाईंच्या वाट्याला आली वाळू आणि भांडणे. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की कढईत वाळू तापवून सगळ्यांसाठी शेकायच्या पुरचुंड्या त्या बांधून घेत. आणि ज्याच्या घरी कोणी "ढोंग" हा शब्द काढी, तिथे काठी टेकत जाऊन भांडून येत. "सूज दिसते गं," त्या गंगूच्या सुनेला म्हणाल्या, "दमणं दिसत नाही. ते तुला दिसावं असं मी म्हणत नाही. मी सांगते म्हणून मान."

चाचीबींनी मळलेल्या पिठाची भाकरी आमच्या घरात खाल्ली जाते, यावर गल्लीत कुजबूज झाली. आत्याबाईंनी तिचा बंदोबस्त सोप्या रीतीने केला. "देवाला मी गुळाचा खडा दाखवते. तो मळावा लागत नाही. उरला प्रश्न माझा. माझं सोवळं सासूबाईंनी कधीच पळवलंय." मी ती भाकरी रोज खाई आणि नगरला गेलो म्हणजे त्याबद्दल गप्प राही. गप्प राहणे मला चांगले जमत असे.

नवीन माणूस भेटला की आत्याबाई "काय दुखतं?" असे कधी विचारीत नसत, "तुमचं काय चांगलं आहे?" असे विचारीत. मलाही विचारले. मी म्हणालो, "सगळंच." त्या माझ्या हातांकडे बघत "बरं" म्हणाल्या. खरे असे होते की वर्षभर माझीही बोटे सकाळी मिटत नव्हती. हातात खडू राहत नसे. मी वर्गातल्या मुलांना फळ्यावर लिहायला लावी आणि याला नवी पद्धत म्हणे. ओसरीवर शाल पांघरून नुसता बसे तेव्हा शालीखाली आत्याबाईंच्या पुरचुंड्यांतली एक गुपचूप उचललेली असे. मास्तरचे हात गेले हे कळले तर नोकरी राहील की नाही ही धास्ती, आणि बायकोला काय सांगावे ही त्याहून मोठी. सगळ्यात अवघड होती कोटाची बटणे. ती लावता लावता मी घामाघूम होई. एके दिवशी सकाळी कोट अंगात घातला आणि बटणे लोण्यात सुरी जावी तशी सरसर गेली. खाली पाहिले तर प्रत्येक काज उसवून, मोठे करून, कडेने नवा बारीक टाका घातलेला. तो हात चाचीबींचा होता, आणि त्यांना सांगणारे तोंड कोणाचे ते उघड होते. मी बाहेर आलो. आत्याबाई तुळशीकडे बघत होत्या. मी काही बोललो नाही. त्याही बोलल्या नाहीत. असे कितीतरी महिने गेले.

मग भाद्रपदात एकदा आभाळ आठवडाभर दाटून राहिले आणि सासूबाईंचे मन कशातच लागेना. आत्याबाईंचा एकही सांधा जागा होईना. त्या दिवशी पहाटेच अण्णा दारात उभा. कचेरीच्या कामाने तो आदल्या दिवशी पाथर्डीला आला होता आणि मोटारीची वाट न बघता बैलगाडीने निघून आला होता. त्याने पाहिले ते असे: अंगणात म्हैस, म्हशीखाली चाचीबी, गंगूबाई रिकामी घागर घेऊन आडाकडे निघालेली, ओसरीवर शालीत मी, आत आई भिंतीला टेकून बसलेली, आणि चूल गार.

"आई, ठरलं होतं," अण्णा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. तेच वाईट होते.

"ठरलं होतं खरं."

"आणि परातीत पीठ काढलंय, ते कोण मळणार?"

"ज्याचे हात चालतात तो."

चाचीबी स्टुलावरूनच म्हणाल्या, "अण्णा, लहानपणी माझ्या हातचा कात चाटून पळायचास, तेव्हा नाही विचारलंस ते." अण्णाने ते ऐकले नाहीसे केले आणि माझ्याकडे वळला.

"मास्तर, तुम्ही धडधाकट माणूस. समोर राहता. तुम्हीच सांगा, ही अशी दुबळ्यांची जत्रा किती दिवस चालायची? बिछाना बांधू ना?"

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांनी मान वळवली असती तर कदाचित मी नेहमीसारखा काहीतरी गोल बोललो असतो. मी शाल बाजूला केली. पुरचुंडी खाली पडली आणि वाळू ओसरीवर सांडली.

"मी धडधाकट नाही," मी म्हणालो आणि दोन्ही हात पुढे धरले. "वर्ष-दीड वर्ष झालं. खडू धरवत नाही. या कोटाची काजं चाचींनी मोठी केलीत म्हणून मी शाळेत माणसासारखा जातो. शेकायची वाळू आत्याबाई तापवतात. गंगूबाई माझं पाणी भरते. तुम्ही एकट्या आईला नेताय असं तुम्हाला वाटतंय. त्यांना नेलंत तर आम्ही तिघंही जागेवर बसलो."

 मग आतून आत्याबाई म्हणाल्या, "अहो जावईबापू, एक वाक्य बोलायला एवढा वेळ? माझा गुडघासुद्धा इतका वेळ घेत नाही."

गंगूबाई पदर तोंडाला लावून हसली. अण्णा ओसरीच्या कडेला बसला. तो माझ्या बोटांकडे बघत होता. आईच्या बोटांकडे त्याने आजवर इतका वेळ पाहिले नव्हते असे मला वाटते.

"अण्णा," आत्याबाई म्हणाल्या, "फळीवर काड्याची पेटी आहे. गोवऱ्या रचलेल्या आहेत. काडी ओढ."

तो उठला आणि मुकाट्याने चूल पेटवली. धूर झाला, डोळे चोळले.

"झालं," आत्याबाई म्हणाल्या. "माझी चूल माझ्या हातानं पेटली. अट पुरी."

"तुझ्या हातानं कुठे?"

"हा हात कुणाचा? मीच केलेला ना? जन्माला आलास तेव्हा मूठ वळलेली होती, मी बोट घालून उघडली. माझ्याच हातानं पेटली."

नगरच्या कचेरीत रोज वाद ऐकणाऱ्या अण्णाने काडेपेटी परत फळीवर ठेवली. पीठ चाचीबींनीच मळले. अण्णाने भूक नाही म्हणून सांगितले, मग रस्त्याकडे पाठ करून दोन भाकरी खाल्ल्या आणि जाताना आईला एवढेच विचारले, "पुढच्या बाजारी काय आणू?"

"स्वतः ये," आत्याबाई म्हणाल्या. "गंगूला घागर उचलून द्यायला माणूस लागतो."

त्यानंतर तो बाजाराच्या दिवशी येई आणि कोट काढून कामाला लागे. मी मुख्याध्यापकांना खरे सांगितले. त्यांनी चष्मा पुसत, फळ्यावर मुले का लिहितात ते आपल्या केव्हाच लक्षात आले होते, असे सांगितले. बायकोला सांगायला मात्र मला आणखी एक सुट्टी लागली. ती रडली नाही. माझे हात हातात घेऊन तिने फक्त, "आत्याला माहीत होतं?" एवढे विचारले.

लढाई संपली, माझी बदली खर्ड्याला झाली. शेवटचे भेटायला गेलो तेव्हा आत्याबाई स्वतः कुशीवरसुद्धा वळू शकत नव्हत्या. पण घर त्यांचे होते, चूल पेटलेली होती, आणि अंगणात म्हैस होती. मी त्यांच्या उशाशी बसलो आणि त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला, "आत्याबाई, आता तुमचं काय चांगलं आहे?"

त्यांनी बराच विचार केला. "जीभ," त्या म्हणाल्या. "पाहिजे तिकडे वळते." आणि मग, "पाटावर बसा ना, जावईबापू. वाकू नका."

त्या त्याच घरात गेल्या.

आता सकाळी मलाही उठायला सुरुवात करावी लागते. इथे गंगूबाई नाही, चाचीबी नाहीत. पण शेजारच्या एका पोस्टमनला मी परवा त्याचे काय चांगले आहे ते विचारले, आणि तो जरा वेळाने सांगू लागला. तो कोट अजून माझ्या अंगात असतो. काजे इतकी सैल झाली आहेत की वाऱ्याने बटणे आपोआप निघतात. बायको म्हणते, आता मीच लावून देते ना रोज, मग दोन टाके घालून काजे घट्ट करू का? मी नको म्हणतो. राहू दे.