दुखानच्या वाटेवर कप्तान

कतारच्या वाळवंटात त्या काळी जेवढी म्हणून भीती होती, तिच्यातली निम्मी आमचे कप्तान एकटे सांभाळत असत. उरलेली निम्मी आम्हा बाकीच्यांत वाटली जाई, त्यामुळे ती आम्हाला फारशी जाणवत नसे. सत्तरचं दशक संपत आलं होतं. उम्म सईदला तेल कंपनीच्या कॅम्पात आम्ही सगळे घरदार मागे ठेवून आलेले पुरुष राहत होतो. मी नाशिकहून इन्स्ट्रुमेंट फिटर म्हणून आलेला. कप्तान कुडाळकडचे, पंचेचाळिशी ओलांडलेले, आणि धंद्याने इलेक्ट्रिशियन. इलेक्ट्रिशियनने विजेला भ्यावं, पण किती? मेन स्विच बंद करायचा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालायचा, टेस्टर लावून पाहायचा, टेस्टरवर विश्वास नाही म्हणून दुसऱ्याचा टेस्टर मागून आणायचा, आणि एवढं करून तारेला हात लावताना मनातल्या मनात रवळनाथाला हाक घालायची. सकाळी बूट घालण्याआधी ते पायरीवर असे आपटत की आजूबाजूच्या खोल्यांना गजराच्या घड्याळाची गरज उरली नव्हती. विंचू बुटात शिरतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण कप्तान उशीचा अभ्रा, चहाचा मग आणि रेडिओची मागची बाजूसुद्धा झटकून घेत. मॅनेजरला तिकडे ‘मुदीर’ म्हणतात. तो शब्द नुसता कानावर पडला तरी ते हातातलं काम सोडून उभे राहत. आम्ही हसलो की ते शांतपणे सांगत, “मी भितंय म्हणानच जितो आसंय.”

असा माणूस क्रिकेट टीमचा कप्तान कसा झाला, हे नव्याने आलेले लोक नेहमी विचारायचे. विकेटकीपर म्हणून ते स्टंपांच्या इतके मागे उभे राहत की सीमारेषेवरचा गडी त्यांच्याशी गप्पा मारू शके, आणि खेळायचा चेंडू टेनिसचा. पण त्यांची भीती आमच्या कामाची होती. चेंडू कुठे जाईल याची त्यांना सतत धास्ती, आणि जिथे धास्ती वाटेल तिथे ते एक माणूस उभा करत. “थंय एक उभो रव रे,” म्हणून ओरडत, आणि पुढच्याच चेंडूला झेल नेमका तिथे जाई. शूर कप्तान असता तर त्याने गडी जवळ लावले असते आणि आम्ही हरलो असतो. ह्यांनी चहूकडे पांगवले आणि आम्ही जिंकत गेलो.

जिंकायचं ते एका कपासाठी. हा कप मुळात क्रिकेटचा नव्हताच. आमच्याआधी त्या भागात तेलविहिरी खोदणारे अमेरिकन ड्रिलिंगवाले होते. त्यांच्या शेजारशेजारच्या रिगवरच्या टीम आपसात बेसबॉल नावाचा त्यांचा खेळ खेळत, आणि जिंकेल त्याच्याकडे पुढच्या सामन्यापर्यंत हा कप राही. काम संपवून ते गेले आणि कप पत्र्याच्या एका रिकाम्या पोर्टा केबिनमध्ये धूळ खात राहिला. तो आम्ही उचलला आणि नियमही त्यांचाच उचलला. एक टीम आमची, एक दोहातल्या वर्कशॉपवाल्यांची आणि एक दुखानची. कपाच्या टोकावर टोपी घातलेला, खांद्यावर सोटा घेतलेला एक सोनेरी पुतळा होता. आम्ही त्याला गदाधारी म्हणत असू. कप्तानांना मात्र त्याची फार काळजी. मुसलमानी मुलुखात पुतळा घेऊन हिंडायचं, कुणी ती मूर्ती समजलं तर काय? म्हणून ते कप लुंगीत गुंडाळून मांडीवर घेत. एकदा दोहाच्या वाटेवर पोलिसाने गाडी थांबवून ते गाठोडं सोडायला लावलं. गदाधारी बाहेर आला. पोलिसाने त्याला उलटासुलटा करून पाहिलं, हसून ‘कूरा?’ म्हणजे चेंडूचा खेळ का, एवढंच विचारलं आणि कप परत दिला. कप्तानांनी ‘शुक्रन’, म्हणजे आभार, हे गाडी बरीच पुढे गेल्यावर म्हटलं. पुढे दोहा येईपर्यंत ते पाण्याचे घोट घेत होते. कप आमच्याकडे असला की तो त्यांच्या पलंगाखाली राही आणि त्यांची झोप उडे. दुखानवाले पळवतील, मुदीर जप्त करेल, नाहीतर आपणच झोपेत लाथ मारून फोडू, अशा एकूण शंका.

दुखान हे गाव कतारच्या द्वीपकल्पाच्या दुसऱ्या, पश्चिमेच्या किनाऱ्याला. तिथे खेळायला जायचं म्हटलं की आठवडाभर आधीपासून कप्तानांचं पोट बिघडे. “नावातच दुखणा आसा,” असं ते म्हणत. एप्रिलातल्या एका शुक्रवारी सकाळी टीम कंपनीच्या बसने डांबरी रस्त्याने निघाली. खोलीला कुलूप लागलं की नाही हे पाहायला कप्तान परत गेले आणि त्यांना शोधायला मी गेलो. आम्ही येईपर्यंत बस गेलेली होती. मग बीडकडचा एक ड्रायव्हर, दोन लेकरांचा बाप आणि चांगला मिशीवाला गडी, पिकअप घेऊन आम्हाला सोडायला तयार झाला. रिगच्या ट्रकांची एक कच्ची वाट आडवी दुखानकडे जाते, तिने गेलं तर बसच्या आधी पोचू, असं त्याचं म्हणणं. कप्तान नको नको म्हणत होते. पण उशीर झाला तर सामना आपण हरलो असं धरतील, ही भीती त्या क्षणी मोठी ठरली आणि ते गाठोडं घेऊन गाडीत बसले.

वाट काही वेळ दिसत होती. मग समोरचं आभाळ तांबूस झालं आणि बघता बघता वारा वाळू घेऊन आमच्यावर आला. काचेपलीकडे बॉनेटसुद्धा दिसेना. ड्रायव्हरने थांबायला हवं होतं, पण तो अंदाजाने पुढे नेत राहिला, आणि एकाएकी गाडीचं नाक खाली गेलं. वर मिठाचा कडक थर आणि खाली चिखल अशी ती दगाबाज जमीन. मागची चाकं नुसती फिरत राहिली. खाली उतरून पाहिलं तर ट्रकांच्या चाकोऱ्या कुठेच नव्हत्या. आम्ही वाट केव्हाच सोडली होती.

मी कप्तानांकडे पाहिलं. एवढ्याशा खुट्ट आवाजाने दचकणारा माणूस, आता ह्याचं काय होतंय? कप्तान शांत बसले होते. इतके शांत मी त्यांना कधीच पाहिलेलं नव्हतं. त्यांनी पाण्याचा कॅन पायाशी ओढून घेतला, आम्हाला झाकणात ओतून थोडं थोडं दिलं आणि म्हणाले, “आता झाला न्हय? मगे भियाचा कित्याक?”

उन्हं वर चढली. गाडीचा पत्रा तापला, घशात वाळू, आणि वारा पत्र्यावर खसाखसा घासतोय. ड्रायव्हर आधी विनोद करत होता, मग लेकरांची नावं घ्यायला लागला. दुपारी धूळ जरा विरळ झाली तेव्हा दूर एक पिवळसर जाळ दिसला. तेलाच्या विहिरीवरचा वायू जाळतात, तसला. ड्रायव्हर उसळलाच. दुखान आलं, घटकाभराची चाल आहे, मी जातो आणि माणसं घेऊन येतो, म्हणत त्याने दार उघडलं. मीही उठलो. खरं सांगायचं तर मला ड्रायव्हरचं पटलं होतं. नुसतं बसून राहणं त्याहून भयंकर वाटत होतं.

कप्तानांनी त्याचा दंड धरला. “तो जाळ जवळ दिसता, पण जवळ नसता,” ते म्हणाले. ड्रायव्हर हात सोडवायला लागला, तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी धरलं. “माझो मावसभाव असोच चलत गेलो. माका भय वाटला म्हणान मी बसान रवलंय.”

मग त्यांनी सांगितलं. कॅम्पात इतकी वर्षं काढून कुणालाच ते माहीत नव्हतं. तरुणपणी ते दोघे भाऊ कागदपत्रांशिवाय लाँचमधून इकडे आखातात आले होते. नाखव्याने त्यांना किनाऱ्यापासून दूर, गळाभर पाण्यात उतरवलं आणि पलीकडे शहर आहे म्हणून सांगितलं. पलीकडे काहीही नव्हतं. नुसती वाळू आणि लांबवर असाच एक जाळ. भाऊ धीट. हा काय, पोचलोच, म्हणून चालू लागला. ह्यांचे पायच उचलेनात. हे पाण्याच्या कडेला बसून राहिले आणि दुसऱ्या दिवशी मासेमारांना सापडले. भाऊ कुणालाच सापडला नाही. पुढे एका भल्या अरबाने पदरी घेऊन ह्यांचे कागद करून दिले. मावशीला काय सांगितलं, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. ड्रायव्हरने दार ओढून घेतलं.

वारा पडला तसे कप्तान उतरले. त्यांनी गाठोडं सोडलं आणि गदाधारीला गाडीच्या टपावर नीट उभं केलं. मूर्ती म्हणून कोण काय म्हणेल याची त्यांना त्या दिवशी काहीच पर्वा नव्हती. उतरत्या उन्हात तो पुतळा लखलखत राहिला, आणि बऱ्याच वेळाने क्षितिजावर एक लँडरोव्हर त्याच्या रोखाने वळली. ते दुखानवाले होते. आम्ही पोचलो नाही म्हणून त्यांनी खेळ टाकला होता आणि दोन्ही टीम मिळून आमच्या शोधात वाळवंटात पांगल्या होत्या. त्यांचा कप्तान लाहोरकडचा, दरवाजाएवढा मेकॅनिक. त्याने आमच्या कप्तानांना उचलूनच धरलं. “ओए, कप के साथ मरना था तुझे?” एवढं बोलला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

आमच्या कप्तानांना कप तिथेच देऊन टाकायचा होता. लाहोरवाला घेईना, न खेळता आपल्याला नको म्हणाला. मग दुखानच्या मैदानावर उरलेल्या उजेडात थोडी षटकं खेळलो. कप्तानांच्या हातातून अगदी सोपा झेल सुटला, आणि आम्ही सपाटून हरलो. गदाधारी दुखानला राहिला. परतीच्या बसमध्ये कप्तान माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होते. पण सकाळ झाली आणि बूट पायरीवर आपटले ते रोजच्यासारखेच.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला ते कायमचे घरी निघाले. तोवर दुखानवाले आणि वर्कशॉपवालेही पांगले होते, नवी पोरं व्हिडिओ पाहत बसत, आणि तो कप शेवटी कुणाकडे राहिला हे मला आजही माहीत नाही. मी त्यांना सोडायला दोहा विमानतळावर गेलो. ते खुर्चीच्या कडेवर बसले होते, तोंड पार उतरलेलं. विमानाला भिऊ नका, झोप काढा, असं मी समजावत होतो. त्यांनी मान हलवली.

“इमानाक मी भियणय नाय. घराक भितंय. थंय सगळ्यांका माझ्याशिवाय रवाची सवय झाली. आता मी जावन बसाचा खंय?”

मी त्यांची बॅग उचलून आतल्या दारापर्यंत नेली, पाया पडलो, आणि ते गर्दीत दिसेनासे झाले. कुडाळला जाऊन त्यांना एकदा भेटायचं, हे राहूनच गेलं.

पुढे मीही परत आलो. नाशिकला रिक्षा घरासमोर थांबली तेव्हा दुपार होती. आत रेडिओ चालू होता, बायको कुणाशी तरी बोलत होती, मुलं मोठ्याने हसत होती. दारावर घंटी होती. मी हात उचलला, आणि सामान पायाशी ठेवून बराच वेळ तसाच उभा राहिलो.