हद्दीच्या दगडाला शेंदूर

इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याला लागून आमची वस्ती. जुनं गाव धरणात बुडालं, त्याच्याबरोबर मेंढरं राखणाऱ्या बिरोबाचं ठाणंही बुडालं. वर येऊन घरं बांधली, पण देव नाही. आमच्या सारजाकाकूचं सारं तरुणपण मेंढरांमागं गेलेलं. देवाशिवाय घराची राखण कोण करणार, याचाच तिला घोर. एका पुरानंतर तिला काठाच्या चिखलात एक घडीव दगड आडवा पडलेला दिसला. त्यावर काहीतरी कोरलेलं. काकूला अक्षरओळख नाही. तिनं तो लोळवत वर आणला, घरामागं उभा केला, शेंदूर फासला आणि बिरोबा पाण्यातून वर आला म्हणून सगळ्यांना सांगितलं. अख्खी वस्ती तिथं नारळ फोडू लागली.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात धरणाचे मोजणीवाले आले. हद्दीच्या दगडापासून पाण्याकडची सगळी बांधकामं पाडायची, असा हुकूम. अहो, याच घरांची घरपट्टी दरसाल वसूल होते, आणि पाण्याकाठचं घर म्हणून जरा चढीच! बेकायदा होतं तर पट्टी कशाची घेतली, हे विचारायची मात्र आमच्यात कुणाची छाती नव्हती. माझीही नव्हती.

मोजणीच्या साहेबांनी काकूच्या दारात उभं राहून शेजारच्या बाभळीखालचा एक दगड दाखवला. "असाच दगड या घरापाशी असायला हवा. सापडला नाही तर पुराच्या खुणेवरून हद्द धरू. मग हे घर आत येतं, पाडावं लागेल."

काकूनं तो दगड पाहिला. तसाच घडीव, तशीच अक्षरं! सांगावं तर सरकारी दगड हलवला म्हणून बेड्या पडतील, वस्ती तोंडावर थुंकेल, आणि देवाचा कोप होईल तो वेगळाच. गप्प बसावं तर घर जातंय. ती दारातच बसून राहिली. आम्हाला कारण कळेना.

शिपायानं भिंतीवर चुन्याची फुली मारली, तशी ती उठली.

"सायेब, दगड माज्याकडं हाय."

सगळ्यांना तिनं घरामागं नेलं. "चुकलं रं देवा, चुकलं," म्हणत ती नखांनी शेंदूर खरवडू लागली. आतून सरकारी आकडा निघाला. मग तिनं खाली काठाला जाऊन, दगड सापडला होता तिथला चिखल उपसला आणि पुरानं तो जिथून उपटला होता ती सिमेंटची खाच दाखवली. दगड तिच्यात नेमका बसला. घर त्याच्या बरंच वर होतं, म्हणजे हद्दीबाहेर. साहेबांनी ताकीद देऊन सोडून दिलं.

"काकू, वाचलं की घर!" मी म्हणालो.

"घर वाचलं रं. पर आता राखायला कोण हाय?"

पट्टी न्यायला माणसं अजून वेळेवर येतात. काकू मात्र देव होता त्या मागच्या भिंतीकडं पाठ करून कधी झोपत नाही.