घसरायला मूठभर धान

"यंदा भाऊबीज गोंदियाला," असं आईने दसऱ्यालाच जाहीर केलं आणि माझा दिवाळीचा सगळा बेत कोलमडला. त्याआधी मामीचा फोन आला होता. मामाने रॅकेट माळ्यावर टाकली, बूट शेजाऱ्याला देऊन टाकले. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं, डॉक्टर म्हणतात हळूहळू खेळा, पण हा माणूस कोर्टाचं नाव काढू देत नाही. दिवसभर पंख्याकडे बघत पडून असतो, असं मामी म्हणाली आणि गप्प झाली. मामी गप्प होणं हे आमच्या घराण्यात भूकंपासारखं आहे.

इथे माझं एक खूळ सांगून टाकते. मी टेनिस बघते ते पायांसाठी. टीव्हीवर आवाज बंद करून, चेंडूकडे दुर्लक्ष करून फक्त पाय बघत बसते. समोरचा फटका मारतो त्या क्षणी घेतलेली ती बारीकशी उडी, मग दोन लांब पावलं, मग शेवटची चार छोटी छोटी. कोण जिंकलं ते मला दुसऱ्या दिवशी पेपरात कळतं. हे खूळ मला मामाने लावलं. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्याला खेळताना बघायची, आणि तो बाजूच्या चेंडूवर असा घसरत जायचा की फरशीवर कुणी तेल ओतलंय असं वाटावं. घसरायचा आणि घसरणं संपता संपता फटका मारायचा. तेव्हा मला वाटायचं, टेनिस असंच खेळतात. पुढे पुण्यात क्लब लावला तेव्हा कळलं की बाकीचे लोक नुसतेच धावतात.

दिवाळीत गोंदियाला जायचं तर तिकीट फार आधी काढा. पुण्याहून थेट गाडी आहे, ती गोंदियालाच संपते, त्यामुळे उतरायचं स्टेशन चुकण्याची भीती नाही. जेवण घरून न्या. आम्ही धपाटे आणि लसणाची चटणी नेली आणि नागपूरच्या पुढे भंडाऱ्याच्या एका कुटुंबाने ती संपवायला मनापासून मदत केली.

स्टेशनावर उतरताना आईने माझा दंड धरला. तिची घडीची काठी बॅगेत होती आणि बॅगेतच राहणार होती. "काठी काढू?" म्हटल्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला. बाहेर रिक्षावाले हिंदीत, सामानवाले छत्तीसगढीत, आणि माझी सत्तरीची आई क्षणात तिच्या माहेरच्या बोलीत. मामाचं घर कुडव्याला, तिथपर्यंत रिक्षा सहज मिळते, भाडं मात्र बसण्याआधी ठरवा. आईने ठरवलं, आणि रिक्षावाल्याने शेवटी "माताजी, आप तो यहीं के निकले," म्हणून हात जोडले.

मामा दारातच उभा होता. बॅग त्याने हट्टाने स्वतः उचलली. "यात का हाये टोचून राहिलं?" त्याने विचारलं. आई म्हणाली, "काही नाही." जेवायला नव्या चिन्नोर तांदळाचा भात होता. त्याचा वास फाटकापर्यंत येत होता. वर मामीच्या हातचे तांदळाच्या पिठाचे गरम आयते. तिसरा आयता खाताना मी धीर करून विचारलं, "मामा, गुडघा कसाय?"

"गुडघा एकदम झकास हाये."

"मग खेळत का नाहीस?"

"कोंबडी धावताना पाह्यली का तू? तसा धावतो मी आता. लोकांनी काऊन पाहावं ते?"

तर दुखणं हे होतं. मामी तव्यावर उगाचच उलथनं आपटत राहिली.

संध्याकाळी तो आम्हाला तिरोड्याच्या रस्त्यावर त्याच्या शेठजींच्या राइस मिलमध्ये घेऊन गेला. "नुसतं दाखवाले" हे त्याने तीनदा बजावलं. या मिलचं अंगण म्हणजे त्याचं कोर्ट. सिमेंटचं भलंमोठं अंगण, ज्यावर उकडलेलं धान वाळवतात. हंगाम नसतो तेव्हा चुन्याच्या रेघा मारून, जाळी बांधून शेठजी आणि मंडळी टेनिस खेळतात. अंगण कितीही झाडलं तरी दाणे राहतातच, आणि बुटाखाली दाणे आले की पाय घसरतो. इथे दोनच प्रकारचे खेळाडू तयार होतात. एक पडणारे, दुसरे घसरायला शिकलेले. मामाची ती जादू धानाची होती, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

गावातली दातांची डॉक्टरीण आणि हायस्कूलचे गणिताचे सर खेळत होते. डॉक्टरीण तिशीची असेल. चेंडू कोपऱ्यात गेला की ती दोन पावलं धावायची, मग डावा पाय पुढे सोडून द्यायची आणि मागे दाण्यांची बारीक करकर ऐकू यायची. फटका मारून ती थांबायची नाही, त्याच घसरणीत वळून परत मधे यायची. वेणीसुद्धा तिच्या मागोमाग बरोबर वेळेवर वळायची. मी तोंड उघडं टाकून बघत होते. मामाही बघत होता, पण स्कूटरवर बसून, फाटकाबाहेरून.

शेठजी बाहेर आले. चाळीस वर्षं दोघं जोडीने खेळलेले. "भैया, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गावची मंडई आहे, सारी जत्रा जमेल. मंडईची मॅच आपली. उसके बाद धान आ जाएगा, फिर तो चार महिने छुट्टी." मामाने स्कूटर सुरू केली.

भाऊबीजेच्या सकाळी सारस बघायला गेलो. कुठे ते सांगणार नाही, रागावू नका. सारस महाराष्ट्रात जवळपास इथेच उरलेत आणि त्यांना आपल्या मोबाइलची गरज नाही. कापलेल्या धानाच्या ओळींमधून एक जोडी चालत होती. एवढे उंच पक्षी, लाल डोकी, आणि पाऊल टाकायच्या आधी जणू विचार करणारे.

"पाह्य," मामा कुजबुजला, "कुठंच घाई नाही. म्हनून चाल सुंदर."

"गुडघे त उलटेच दिसून राहिले त्यायचे," आई म्हणाली. "तरी चालूनच राहिले ना?"

मामाने दुर्बीण खाली घेतली आणि परतीच्या वाटेला लागला.

दुपारी आईने त्याला पाटावर बसवलं, ओवाळलं. मामाने तबकात साडी ठेवली. आईने ती उचलून पुन्हा त्याच्या मांडीवर ठेवली आणि तबक तसंच धरून उभी राहिली.

"साडी नको. उद्या तुले खेळताना पाहाचं हाये. तेच दे."

"ताई, तबकापुढं असं मागत असतेत का?"

"मी मागून राहिली."

निरांजन फडफडत होतं. बहिणीचं तबक रिकामं परत पाठवायचं नसतं, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. मामी स्वयंपाकघराच्या दारात पदराचं टोक पिळत उभी. तिला तो खेळायला हवा होता आणि घसरायला नको होता, आणि त्या अंगणात हे दोन्ही एकत्र कसं जमणार? शेवटी मामा मान खाली घालून म्हणाला, "एकच सेट." मामीने लगेच शेठजींना फोन लावला.

मंडई म्हणजे दिवाळीनंतर या भागातल्या गावोगावी भरणारी जत्रा. लेकीसुना, पाहुणे, पाळणे, जिलेबी, आणि रात्री नाटक. या दिवसांत आलात तर पोट रिकामं ठेवून या. तिथल्या पोह्यांवर मिळणाऱ्या चण्याच्या तर्रीने माझे कान लाल झाले तरी मी दुसरी प्लेट घेतली. चारच्या सुमाराला अर्धी मंडई मिलच्या अंगणात लोटली. आईला पुढची खुर्ची मिळाली. मामा शेजाऱ्याकडून स्वतःचेच बूट मागून, घालून आला होता.

एका बाजूला मामा आणि शेठजी, समोर डॉक्टरीण आणि सर. पहिल्या दोन-तीन चेंडूंतच काहीतरी बिनसलंय हे कळलं. डॉक्टरीण कोपऱ्याकडे धावली, सवयीने पाय सोडला आणि पाय जागीच अडकला. अंग पुढे, पाय मागे. कशीबशी सावरली. सरांचे बूट नुसते किंचाळत होते. एकदा ते वळायला गेले आणि चक्क बसले. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "काऊन जी डॉक्टरीनबाई, आज पाय घरीच ठेवून आल्या का?"

मामा मात्र लहान लहान पावलं टाकत होता. घसरायचं नाहीच असं ठरवून आलेला, त्यामुळे त्याचं काही अडत नव्हतं. तीन गेम झाले, तिन्ही मामाच्या जोडीचे. लोक टाळ्या वाजवत होते. मीही वाजवत होते, पण मजा येत नव्हती. पायच बघायला आलेल्या बाईला त्या दिवशी अंगणात बघण्यासारखं काही नव्हतं.

बाजू बदलायला म्हणून मामा जाळीपाशी आला, वाकला आणि फरशीवर तळहात फिरवला. तळहात कोरा.

"शेठ, अंगन कोनी धुतलं?"

शेठजी दुसरीकडे बघायला लागले. मग म्हणाले, "भैया, भाभीचा फोन आला. सकाळपासून पाच माणसं लावली. पाईप मारून धुतलं. एक दाना नहीं छोडा. तुम्हारे घुटने के लिए."

मामा रागावला असता तर बरं झालं असतं. त्याचे डोळे भरले. तो आता रॅकेट ठेवून निघून जाणार, अशी माझी खात्री झाली, आणि आईचा हात माझ्या मनगटावर घट्ट झाला.

"माह्या एका गुडघ्यासाठी एवढी चांगली पोरगी आपटून राहिली," तो म्हणाला. "हे काही टेनिस नाही."

तो भिंतीशी लावलेल्या पोत्यांकडे गेला. त्याने एका पोत्याचं तोंड सोडलं आणि दोन्ही मुठी भरून घेतल्या.

"अहो!" मामी गर्दीतून उठलीच. "आपल्या बाजूला एक दाणा पडला तर बघा!"

"आपल्या बाजूले कोन टाकून राहिलं?"

तो जाळीपलीकडे गेला आणि पेरणी करावी तशा सहज हाताने त्याने समोरच्या अंगणात धान फेकलं. कोपऱ्यांत थोडं जास्त. शेठजींनी विचारलं की मग बाजू कशा बदलायच्या. मामा म्हणाला, "नाही बदलाच्या. मंडईत कोनता पंच येऊन राहिला?"

त्यानंतरचा खेळ मी तुम्हाला कसा सांगू! डॉक्टरीण पहिल्याच चेंडूवर सुटली. करकर आवाज, पुढे गेलेला डावा पाय, मागे रेंगाळणारी वेणी. सर जाळीजवळ तिरके सरकत आले आणि दाण्यांवर थांबले तेव्हा त्यांचा चष्मासुद्धा हलला नाही. गर्दीतून "वा!" आला. मामाने तो चेंडू परत मारायचाच सोडून दिला. तो रॅकेटवर हात आपटून टाळ्या वाजवत होता. शेठजी ओरडले, "भैया, दुश्मन को ताली?"

आणि मग मी मामाकडे नीट बघितलं. तो घसरत नव्हता, धावतही नव्हता. समोरच्याचा खांदा वळताच तो निघायचा, चार बारीक पावलं टाकायचा आणि चेंडू येईपर्यंत तिथे वाट बघत उभा असायचा. कोंबडी? छे. इतका वेळ मी त्याच्यात जुना मामा शोधत होते, म्हणून हा मला दिसलाच नव्हता.

मामा आणि शेठजी सहा-चार हरले. आई खुर्चीत बसून उघडउघड रडत होती. मामा घाम पुसत तिच्यासमोर आला.

"ओवाळणी पोचली का?"

"पोचली. पन हरला ना तू."

"खेळताना पाहाचं म्हनली होती. जिंकताना कुठं म्हनली?"

दुसऱ्या दिवशी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडला गेलो. गोंदियाहून गाडी करून गेलात तर अख्खा दिवस हाताशी ठेवा, पाणी आणि खाणं बरोबर घ्या. किल्ला, दर्गा, भोवती रान, आणि वर वारा फार छान. आई खालीच बसली. "तुम्ही जाऊन या, मी बघितलंय." तिने बघितलेलं नव्हतं. मामा सावकाश, अर्ध्यापर्यंत चढला आणि तिच्याजवळ परत आला. मी खाली उतरले तेव्हा दोघं चिवडा खात होती.

"ताई, आता माही ओवाळणी."

"भाऊ मागते का कधी?"

"मी मागून राहिलो. ते बॅगेत टोचून राहिलं होतं ना, ते काढ."

आई दूर बघत म्हणाली, "काठी घेतली की मी कशी दिसते, तुले का सांगू."

"कोंबडीसारखी?"

आई हसली, पण काठी काढली नाही. गाडीत बसेपर्यंत नाही. पुणे स्टेशनवरही तिने माझाच दंड धरला. बरोबर आणलेला चिन्नोर तांदूळ शिजला, सगळ्या मजल्यावर वास गेला, शेजारी विचारायला आले. मी क्लबात जाऊन आमच्या स्वच्छ निळ्या कोर्टावर खेळून आले आणि पहिल्यांदाच ते मला जरा कोरडं वाटलं.

त्या आठवड्यातली एक संध्याकाळ. मी गॅलरीत कपडे काढत होते. खाली बागेत आई चालत होती. एकटी. हातात काठी. पहिल्यांदा दोन पावलं अडखळली, मग काठी, पाऊल, काठी, पाऊल असं काहीतरी तिचं जमलं. मी घाईघाईने फोनवर ते टिपलं आणि मामाला पाठवलं.

त्याचं उत्तर लगेच आलं. ती वर आल्यावर मी तिला वाचून दाखवलं: "ताईले सांग, पाऊल मस्त पडून राहिलं. थोडी घाई कमी कर."

आईने पाण्याचा ग्लास खाली ठेवला, काठी उचलली आणि आणखी एक फेरी मारायला खाली गेली.