फिलूमावशीची दुपारची शिफ्ट

तीन नंबरच्या मशीनचा अलार्म त्या दुपारी चौथ्यांदा वाजला. मी धावले. मशीनमध्ये बिघाड नव्हता. फिलूमावशीने पुन्हा हात वर केला होता.

मी वसईतल्या एका डायलिसिस सेंटरची इन्चार्ज नर्स आहे. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत त्यांचं रक्त मशीनमधून गाळून परत शरीरात सोडायचं, हे आमचं काम. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. पेशंटच्या एका हातात दोन सुया असतात. तो हात हलला की नळीतला दाब बदलतो आणि मशीन ओरडायला लागतं.

फिलूमावशी कोळीवाड्यातली. जन्मभर बाजारात सुकी मासळी विकली. आता मिठामुळे तीच खायला बंदी. दुपारच्या शिफ्टला पाच पेशंट, योगायोगाने सगळे ख्रिस्ती. मशीन सुरू झालं की मावशी विचारायची, "चला, आज देवाची स्तुती कशासाठी? मागची चालनार नाय, नवी पायजे."

मग एकेकाची पाळी. कुणी सांगे, रात्री पायात गोळे आले नाहीत. कुणी सांगे, नातीने पेपर वाचून दाखवला. प्रत्येकानंतर मावशी "स्तुती असो!" म्हणत हात वर करायची, प्रार्थनासभेत करतात तसा. तिचं बघून बाकीचेही करायचे. मग एकामागून एक अलार्म.

मीही ख्रिस्ती, पापडी गावची, रविवारची चर्चमधली मिस्सा न चुकवणारी. पण ड्युटीवर मला यादी लागते आणि शांतता लागते. डॉक्टर राउंडला आले तेव्हा दोन मशीन वाजत होती.

"सिस्टर, हे सेंटर आहे की प्रार्थनासभा?"

"सर, मावशीला सकाळच्या शिफ्टला टाकते."

"टाका."

मी वहीत नाव इकडचं तिकडे केलं. पहिला आठवडा छान गेला. दुपारी एकही अलार्म नाही.

दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी पाच नंबरची खुर्ची रिकामी राहिली. गुरुवारीही. ती बस्त्यावची. निर्मळ गावात केळीची बाग, बायको वारलेली, मुलगी सासरी. दोन पाळ्या चुकल्या की अंगात पाणी साठतं, रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदय कधीही बंद पडू शकतं. मी फोन केला.

"बस्त्यावदादा, येत का नाही?"

"कशाला येऊ? चार तास छताकडे बघायला? आधी रिक्षात बसल्यापासून सांगायला काहीतरी शोधत यायचो. आता विचारतंय कोण? मी ठरवलंय सिस्टर. बस झालं."

फोन बंद. मी यादी केली: डॉक्टर, मुलगी, फादर. तिघांनीही समजावलं. फादर तर घरी जाऊन आले. तिन्ही नावांपुढे खूण झाली, बस्त्याव जागचा हलला नाही.

शनिवारी सकाळी मी मावशीच्या खुर्चीपाशी गेले आणि सगळं सांगितलं.

"त्याला एकटा पाडला कोनी?"

"मीच, मावशी."

"बरं. फोन लाव."

मी तिच्या कानाला फोन धरला. "बस्त्याव, मी फिलू. आज दुपारी सगल्यांना तू विचारायचंस. तुझी पाळी हाय... मन नाय? माझं तरी कुठं रोज असतंय! मन नसताना केलेली स्तुती देव परत पाठवत नाय. मी थांबते हितं. ये."

डायलिसिसनंतर माणूस पार गळून जातो. मावशी अकराला सुटली, पण घरी गेली नाही. बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिली. मी डबा पुढे केला तर म्हणाली, "तो आला की खाते."

दोन वाजता रिक्षा थांबली. बस्त्यावला धापेमुळे धड बोलता येत नव्हतं, पाय सुजलेले. वजन सहा किलोने वाढलेलं, सगळं पाणी. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेतलं. "सोमवार उजाडला नसता याच्यासाठी."

मशीन लावल्यावर तासाभरात त्याची धाप कमी झाली. मावशी दारात उभी, हातात अजून न उघडलेला डबा. "काय रे, झोपायला आलास? विचार की."

"चला," तो पुटपुटला. "आज स्तुती कशासाठी?" "आधी तू सांग," बाजूच्या खुर्चीतून कुणीतरी म्हणालं. तो म्हणाला, "ही म्हातारी माझ्यासाठी उपाशी बसलीय. स्तुती असो."

सगळे हात उचलायला लागले तशी मी ओरडले, "सुईचा हात खाली!"

"ऐकलं ना?" मावशी म्हणाली. "देवाला दुसरापन चालतो."

दुसरे हात वर गेले. अलार्म वाजला नाही. इतका साधा उपाय मला सुचला नव्हता. मी सरळ माणसालाच हलवलं होतं.

मावशी पुन्हा दुपारच्या शिफ्टला आहे. बस्त्यावने त्यानंतर एकही पाळी चुकवलेली नाही. आणि कुणाची शिफ्ट बदलण्याआधी मी आता एक गोष्ट आवर्जून तपासते: या पेशंटमुळे आणखी कोण येतंय.