दोघांत एक गोळी

टेलरकाकांनी दुकान मुलीच्या हवाली केलं ते गुडघ्यांमुळे. जन्मभर पायाने मशीन चालवून ते झिजले होते. त्याच सुमारास मोठ्या इस्पितळात म्हातारपण लांबवणाऱ्या औषधाची चाचणी सुरू झाली आणि काकांची निवड झाली. काकूंचं हृदय नाजूक म्हणून त्यांना नकार मिळाला.

"जा, व्हा तरुण," काकू म्हणाल्या. "मग मला आजी म्हणा."

मुलगी खो खो हसली. काकांना हसू आलं नाही.

ज्या कात्रीने त्यांनी कुणाला कधी कागदसुद्धा कापू दिला नव्हता, त्याच कात्रीने त्यांनी चाचणीची गोळी कापली आणि अर्धी काकूंच्या तळहातावर ठेवली.

"अहो, मला नको म्हणालेत ना?"

"तू गेल्यावर मी एकटा मागे राहून काय करू? घे गुपचूप."

रोज असंच चाललं. मग एके दिवशी काकू स्वयंपाकघरात चक्कर येऊन कोसळल्या. नाडी मंदावली होती. त्यांना त्याच मोठ्या इस्पितळात नेलं, पण वॉर्डातल्या डॉक्टरांना कारण सापडेना. कारण काकांना ठाऊक होतं.

"सांगू नका हं," काकू पुटपुटल्या. "तुम्हाला काढून टाकतील."

काका उठले आणि जिना चढून थेट चाचणीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. सगळं सांगितलं. बाईंनी आधी वॉर्डात फोन करून काकूंचे उपचार बदलायला लावले. मग खुर्चीत मागे टेकल्या.

"काही गोळ्या नुसत्या पिठाच्या असतात, काका. कुणाला कुठली, ते आम्हालाही माहीत नसतं. तुमची नोंद आत्ता उघडून पाहावी लागली. गोळी खरी होती. अर्ध्या गोळीवरही तुमच्या तपासण्या सुधारत होत्या. पण आता तुम्हाला ठेवता येणार नाही."

"नकाच ठेवू. फक्त गुण येत होता, हे तिच्या कानावर घालू नका. जिवाला लावून घेईल."

काकू बऱ्या होऊन घरी आल्या. काकांनी त्यांना पलंगावर बसवलं आणि म्हणाले, "औषध कसलं, नुसतं पीठ होतं ते. सुटलो."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"पीठ खाऊन कुणी चक्कर येऊन पडतं होय?"

काका दुखऱ्या गुडघ्यांवर कसेबसे खाली बसले आणि काकूंच्या गार पायांत मोजे चढवू लागले. काकूंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. पुन्हा त्यांनी ते कधी विचारलं नाही.