उजेड पाहण्यापुरते फोटो

मिलिंद गेल्याचं कळलं तेव्हा मी पेन्सिल सेल चार्जिंगला लावत होतो. रविवारची सकाळ होती आणि आम्ही दोघं मार्केट यार्डच्या फुलबाजारात फोटो काढायला जाणार होतो. फोन त्याच्याच नंबरवरून आला, म्हणून उचलल्या उचलल्या मी म्हणालो, "निघालास का? छत्री विसरू नकोस." पलीकडे सुनंदावहिनी होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले... झोपेतच." मी फोन ठेवला आणि राहिलेले सेलही चार्जरमध्ये बसवले. असं का केलं, ते मला अजून सांगता येत नाही.

आम्ही एकाच कार्यालयात शेजारच्या टेबलांवर काम करत होतो. पंचेचाळिशी ओलांडल्यावर मला फोटोग्राफीचा नाद लागला. एक जुना कॅमेरा घेतला आणि साहेबांच्या निरोप समारंभाचे फोटो कॅमेऱ्यावरच्याच फ्लॅशने काढले. सगळ्यांचे चेहरे पिठात बुडवल्यासारखे पांढरे आणि प्रत्येकाच्या मागे भिंतीवर काळी सावली. मिलिंदने ते शांतपणे पाहिले आणि विचारलं, "साहेबांना निरोप दिलाय की अटक केलीय?" मला राग आला होता. पण दुसऱ्या दिवशी डबा खाताना त्यानेच मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढायचा आणि माणसाच्या बाजूला, जरा उंचावर धरायचा. एवढंच. सावली मग एका गालावर येते आणि चेहऱ्याला आकार येतो.

खर्च करायची आमची दोघांचीही ऐपत नव्हती, इच्छा तर त्याहून नव्हती. आम्ही कुणीतरी वापरून टाकलेला एक फ्लॅश घेतला. त्यात आपोआप काही होत नसे, उजेड कमीजास्त हातानेच करायचा. तो दुरून पेटवणारं एक स्वस्त यंत्र घेतलं, आणि उजेड मऊ करायला एक पांढरी छत्री. फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल दुसऱ्या बाजूने उजेड परतवायला. उरला स्टँड. "स्टँड कशाला? मी आहे ना," मिलिंद म्हणाला. त्याने घरातला पडद्याचा जुना दांडा आणला, फ्लॅश आणि छत्री त्याला बांधली, धरायच्या जागी काळी चिकटपट्टी गुंडाळली. ठरलं ते असं ठरलं. तो धरणार, मी काढणार. पुढची सगळी वर्षं ते तसंच राहिलं.

लवकरच तो माझ्यापेक्षा चांगला झाला, म्हणजे उजेडात. मी फ्लॅश लांब ठेवून त्याचा जोर वाढवायचो. तो दांडा पुढे सरकवायचा, अगदी माणसाच्या कानाजवळ, आणि म्हणायचा, "जोर कमी कर. लांबून ओरडण्यापेक्षा जवळ जाऊन हळू बोलावं." यार्डात एकदा एक हमाल त्याला म्हणाला, "ओ कंदीलवाले, जरा पोत्याकडं धरा, माल दिसू द्या गिऱ्हाइकाला!" मिलिंदने खरंच धरला. त्या हमालाचा हसतानाचा फोटो माझ्या चांगल्या फोटोंपैकी आहे. त्याच्या डाव्या कडेला मिलिंदचं कोपर आलं होतं. मी ते कापलं.

कुणाचाही फोटो काढण्याआधी उजेड पाहावा लागतो. त्या माणसाला ताटकळत ठेवायला नको म्हणून मिलिंदच त्या जागी बसायचा. दांडा तात्पुरता खुर्चीला बांधून स्टुलावर बसायचा, हनुवटी जरा वर करायचा आणि म्हणायचा, "काढ आणि उडव." मी काढायचो, कॅमेऱ्याच्या पडद्यावर सावली पाहायचो आणि फोटो उडवायचो. मेमरी कार्ड लहान होतं, हे खरं. पण खरं कारण सवय होती. त्या फोटोंत मी त्याच्याकडे कधी पाहिलंच नाही, त्याच्या नाकाच्या सावलीकडे पाहिलं. गेल्या दिवाळीत तो म्हणाला होता, "माझाही एक नीट काढून ठेव की." मी म्हणालो, "थांब रे, सावली अजून कडक येतेय. जमायला लागलं की काढू." त्यावर तो दांडा उचलून पुन्हा उभा राहिला.

पुण्यानुमोदनाच्या आधी वहिनींचा फोन आला. "कार्यक्रमाला लावायला यांचा एखादा फोटो द्या, घरात अलीकडचा नीट एकही नाही. तुमच्याकडे ढीग असतील." मी कॉम्प्युटर उघडून बसलो. ढीग होता. कापलेले फोटो पुन्हा पूर्ण उघडून पाहिले, तेव्हा कडांवर कोपर, बाही, घड्याळ, मनगट मिळालं. चेहरा कुठेच नव्हता. शेवटी त्यातल्या त्यात बरा, दांड्यावरच्या पकडीचा फोटो घेऊन मी हडपसरला त्यांच्या घरी गेलो आणि चाचणीच्या फोटोंबद्दल सगळं सांगितलं. वहिनींनी फोटो बराच वेळ पाहिला. "हात यांचाच आहे," त्या म्हणाल्या. "पण हाताला हार कसा घालायचा, भाऊजी?"

अखेर कार्यालयाच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला. समोरून मारलेला फ्लॅश, पांढरा चेहरा, कानामागे काळी सावली. मेणबत्त्यांमागे तो अटक झाल्यासारखाच दिसत होता. वंदना चालू असताना मी मान खाली घालून बसलो. लोकांना ते दुःख वाटलं असावं.

महिन्याभराने वहिनींनी मला पुन्हा बोलावलं. "माझा एक चांगला काढून ठेवा. यांच्यासारखं माझं नको व्हायला." मी सगळं सामान नेलं, पण कॅमेरा मिलिंदच्या मुलीच्या, श्रेयाच्या हातात दिला आणि दांडा मी घेतला. वहिनी स्टुलावर बसल्या. श्रेयाने उजेड पाहायला पहिला फोटो काढला आणि म्हणाली, "काका, हा उडवते. आईचे डोळे मिटलेत, आणि तुमचं कोपर आलंय."

"राहू दे," मी म्हणालो. "पुढचा काढ."

मिलिंद माझ्याहून उंच होता. काळी चिकटपट्टी माझ्या खांद्याच्या वर येते. तिथे धरलं की हात लवकर भरून येतो... मी तिथेच धरला.