स्वखुशीने

सबनीस सरांनी एखाद्या पालकाला चहा पाजला, की आम्ही शिक्षक समजायचो, पोर गेलं. एरवी हा माणूस कुणाला पाणीही विचारत नसे. नौपाड्यातल्या आमच्या शाळेचे ते मुख्याध्यापक, आणि मी तिथे गणित शिकवत असे. तेव्हाही मुलाला शाळेतून काढायचं, तर कारण लेखी द्यावं लागे, पालकांचं ऐकून घ्यावं लागे, वर शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी. सरांना ही कटकट नको होती. दहावीचा शंभर टक्के निकाल मात्र हवा होता. म्हणून नववीतल्या कच्च्या मुलांचे पालकच दाखल्यासाठी अर्ज करायचे, 'स्वखुशीने'. हा शब्द सर स्वतः सांगायचे.

"आम्ही कुणाला काढत नाही हो. नियमात बसत नाही ते," हे त्यांचं पालुपद. नियमांचा इतका अभिमान बाळगणारा लबाड माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कोलशेतच्या एका कोळणीची नंदा माझ्या वर्गात होती. गणितात कच्ची, पण चिवट. दहावी होऊन तिला नर्स व्हायचं होतं. ती पास होईल, मी हमी घेतो, असं मी सरांना सांगितलं.

"हमी तुमची, निकाल माझा," सर म्हणाले आणि तिच्या आईला बोलावून घेतलं.

चहा आला. आईने कपाला हात लावला नाही. अर्जात काय लिहायचं ते सरांनी समजावल्यावर ती म्हणाली, "माजी खुशी नाय. तुमची हाय, त तुमीच सही करा."

मला तिला नमस्कार करावासा वाटला. सर नुसते हसले. दुसऱ्या दिवसापासून नंदाला वर्गात घेणं बंद झालं. ती दप्तर मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसायची, येणारी-जाणारी मुलं बघत राहायची. मी भांडायला गेलो, तर सर शांतपणे म्हणाले, "काढलंय कुठे? बाहेर बसवलंय." त्या शांतपणाची मला अजून किळस येते.

आठवडाभरात नंदा स्वतःच अर्ज घेऊन आली. अक्षर तिचं, खाली आईचा अंगठा. मी तिथेच उभा होतो. सरांनी चष्मा लावून अर्ज वाचला आणि एका शब्दाखाली लाल रेघ ओढली.

"खुशीतला खु ऱ्हस्व, नंदा. नववीतल्या मुलीला एवढंही येऊ नये?"

नंदाने वाकून दीर्घ ऊकार खोडला, ऱ्हस्व काढला आणि कागद पुन्हा पुढे केला.

"शाब्बास," सर म्हणाले.